पडवीतले पाहुणे

कोकणात पाहुणे ठेवायला मे महिन्यासारखा सोयीचा महिना नाही, आणि गैरसोयीचाही नाही. मुंबई-पुण्याच्या शाळांना सुट्टी लागली की दापोली-गुहागरकडच्या घरांतले फोन सकाळपासून वाजू लागतात, आणि नेमकी त्याच दिवसांत घराला मान वर करायची सवड नसते. आंबा उतरवायचा, पेंढ्यात अढी लावायची, आमसुलं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायची, शाकारणीला माणूस मिळवायचा, लाकूडफाटा कोरडा आहे तोवर आत रचायचा. ज्या खोलीत पूर्वी आंबे पिकत पडायचे तिथे आता डबल बेड आहे. आंबे माळ्यावर गेले. पाहुण्यांची पोरं अंगणात वाळत घातलेल्या साठांवरून धावतात आणि काकू हसून म्हणतात, "असू दे रे." ते हसणं दरात धरलेलं असतं.

'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी केळशी, आंजर्ले, मुरुड, गुहागर, पलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशी किनाऱ्यावर गावोगाव दिसते. पर्यटन महामंडळाच्या भाषेत ही 'निवास व न्याहारी'. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत मालकाने त्याच घरात राहायला हवं आणि 6 खोल्या, 12 खाटांच्या पुढे जाता येत नाही. ही अट कोणी कशासाठी घातली असेल ती असो, धंद्याचा जीव तिच्यातच आहे असं मला वाटतं. घरची बाई आणि मदतीला आलेली एक बाई मिळून जेवढा नारळ खवू शकतात, जेवढ्या भाकऱ्या थापू शकतात, तेवढीच माणसं घरगुती म्हणून जेवू शकतात. त्यापुढे आचारी येतो, आचारी आला की पनीर येतं, आणि मग ते लॉज होतं.

न्याहारीवर मात्र इथे कोणाचंच भागत नाही. घावणे-चटणी किंवा दडपे पोहे खाऊन पाहुणा समुद्रावर गेला, तरी दुपारी तो परत जेवायला येणारच. गावात खानावळ असतेच असं नाही. म्हणून खोली आहे का, या प्रश्नाला उत्तर येतं, "जेवायला किती माणसं?" भात किती टाकायचा आणि सोलकढीला नारळ किती फोडायचे हे त्यावर ठरतं. अनेक घरांत दरही खोलीमागे नाही, माणसामागे असतो. आदल्या रात्री सांगितलं तर मोदक होतात. सकाळी दहाला सांगितलं तर होत नाहीत, आणि यावर रुसणारे पाहुणे दर वर्षी निघतात.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासने तर एक अख्खा मोसम नव्याने घडवला. बाणकोटच्या खाडीजवळचं, नाना फडणवीसांचं म्हणून ओळखलं जाणारं हे गाव. इथल्या पुळणीवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. ही अंडी पूर्वी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली गावकऱ्यांना हाताशी धरून ती जपायला सुरुवात केली: घरटं शोधायचं, अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागेत तशीच पुरायची आणि साधारण दीड-पावणेदोन महिने वाट पाहायची. पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडायची. ती पाहायला लोक येऊ लागले, त्यातून कासव महोत्सव सुरू झाला, आणि या पाहुण्यांसाठी हॉटेल न बांधता गावाने आपापली घरं उघडली. पडवीत सतरंज्या, माजघरात गाद्या, पंगतीला साधं शाकाहारी जेवण.

या मोसमाची गंमत अशी की त्याची हमी कोणालाच देता येत नाही. "काकू, शनिवारी पिल्लं निघतील ना?" "निघतील तेव्हा दिसतील. जेवण मात्र नक्की." वाळू किती तापली यावर उबवणीचे दिवस कमीजास्त होतात, शनिवार-रविवार कासवाला कळत नाहीत. काही पाहुणे घरट्यावरच्या रिकाम्या टोपलीचा फोटो काढून परततात. पण अंडी राहिली तर पाहुणे येतात, हा हिशेब घराघरात पोचला. संरक्षणावरच्या कितीतरी भाषणांनी जे जमलं नसतं ते या पंगतींनी केलं, असं माझं मत आहे.

पाऊस लागला की चित्र पालटतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकाने हळू धावणार, घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही. मासे खाऊ घालणाऱ्या घरांत सुक्या जवळ्यावर आणि अंड्यांवर वेळ निभावते. हौशी तरुण येतात, त्यांना पाऊसच हवा असतो. यजमानाची अर्धी शक्ती त्यांना खवळलेल्या समुद्रापासून लांब ठेवण्यात जाते. खरा शत्रू दमट हवा. चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत, गाद्यांना वास येतो, उशांवर बुरशीचे ठिपके धरतात, वीज गेली की पंप बंद आणि पंप बंद की न्हाणीघरात बादल्या. पाहुणचारातला हा भाग कुठल्याच जाहिरातीत नसतो.

मग गणपती. तेव्हा पाटी तशीच असते, खोल्या मात्र मिळत नाहीत. चाकरमानी येतात, आणि त्यांना पैसे देऊन नव्हे, हक्काने झोपायचं असतं. गावचं घर बहुधा सामायिक, सातबारावर काका, चुलतभाऊ, आत्या अशी लांबलचक नावं. नवी खोली बांधायला कर्ज काढायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि बोरिवलीच्या दादाला वाटतं, गावचा भाऊ आपल्या हिश्शावर पैसे कमावतोय. गावच्या भावाला वाटतं, बारा महिने छप्पर सांभाळतो कोण? या धंद्यात समुद्रापेक्षा जास्त वादळं इथे उठतात. तरी एक गोष्ट खरी: पाहुण्यांसाठी बांधलेल्या आतल्या संडास-बाथरूमचं सुख सगळ्यात जास्त याच मंडळींनी भोगलं.

2020 साली दोन्ही बाजूंनी मार बसला. मार्चमध्ये टाळेबंदी आली ती ऐन कासवांच्या दिवसांत. मेही कोरडा गेला. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कौलं, पत्रे उडवले आणि पोफळी-नारळाच्या वाड्या आडव्या केल्या. गाद्या नव्या घेता येतात. नारळाचं रोप फळायला पाच-सात वर्षं घेतं, पोफळही तितकीच. वादळापर्यंत वाडीच्या उत्पन्नाला खोल्यांची जोड होती. आता कित्येक घरांत उलटं झालं: खोल्या पोट भरतात आणि त्या पैशातून वाडी पुन्हा लावली जाते. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की रोपांना पाणी द्यायचं की पाहुण्यांच्या आंघोळीला ठेवायचं, हा हिशेब रोज संध्याकाळी होतो.

दिवाळीच्या आधी गाद्या उन्हात पडतात, मोऱ्या घासल्या जातात, फोनवर पुन्हा तेच प्रश्न सुरू होतात. एसी आहे का, समुद्र खिडकीतून दिसतो का, कुत्रा आणला तर चालेल का. हल्ली उत्तरं देते ती पुण्याला शिकून परत आलेली सून. ती फोटो टाकते, आगाऊ रक्कम मागते, "जेवायला किती" हे आधी विचारते, आणि पाचव्या खोलीचा विषय सासूबाईंकडे तिनेच काढला आहे.