मुलाखतीआधीची मुलाखत : हैदराबादच्या वर्गांतील सरावाचा अर्थ

विषय पक्का असतो, गुणपत्रिकाही चांगली असते. तरीही ‘स्वतःविषयी सांगा’ हा मुलाखतीतील पहिलाच प्रश्न येताच अनेक विद्यार्थ्यांची वाचा बसते. पंधरा वर्षे वर्गात ऐकणे आणि परीक्षेत लिहिणे एवढीच सवय जडलेली असताना, चार अनोळखी माणसांसमोर बसून बोलण्याची वेळ त्या दिवशी प्रथमच आलेली असते. ही पहिली वेळ नोकरीच्या दारात येण्याऐवजी वर्गातच यावी, या विचारातून महाविद्यालयांत मुलाखतींचा आणि कार्यालयीन बैठकींचा सराव सुरू झाला. त्याचे एक ठळक उदाहरण हैदराबादमध्ये पाहायला मिळते.

हलवता येणाऱ्या खुर्च्या

हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात प्रगत इंग्रजी संवादकौशल्याची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. गटचर्चा, सादरीकरण, अर्जलेखन आणि सराव-मुलाखती हे तिचे विषय आहेत. दूरध्वनीवरून आणि व्हिडिओवरून होणाऱ्या मुलाखतींचाही त्यांत समावेश आहे. या प्रयोगशाळेसाठी अभ्यासक्रमाने प्रशस्त खोली आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या सुचवल्या आहेत. तपशील किरकोळ वाटला तरी त्यात शिक्षणाचा एक विचार दडला आहे. बाके एकामागे एक मांडली की सर्वांची तोंडे शिक्षकाकडे वळतात. खुर्च्या गोलाकार मांडल्या की विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागतात आणि बोलणे भाग पडते.

इंग्रजी कसे शिकवावे, या प्रश्नाचा अभ्यास या शहरात जुना आहे. १९५८ मध्ये येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. पुढे तिच्यात परकीय भाषांची भर पडली आणि २००७ मध्ये तिचे केंद्रीय विद्यापीठ झाले. दक्षिणेतच १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर प्रकल्प राबवला. व्याकरणाचे नियम आधी आणि वापर नंतर, हा क्रम त्यांनी बाजूला ठेवला. विद्यार्थ्याचे लक्ष एखादे काम पार पाडण्यावर असते तेव्हा भाषा अधिक चांगली आत्मसात होते, हे त्यांचे सूत्र होते. आजच्या सराव-बैठकीमागे हाच विचार आहे.

बैठक कशी रचावी?

‘आता तुम्ही बैठक घ्या’ एवढे सांगून सराव होत नाही. प्रत्येकाकडे इतरांजवळ नसलेली माहिती असावी लागते. समजा, एका कारखान्याचा माल आठ दिवस उशिरा निघणार आहे. यंत्र कशामुळे बंद पडले, हे केवळ उत्पादन विभागाच्या चिठ्ठीत लिहिलेले आहे. ग्राहकाला कोणती तारीख दिली, हे विक्री विभागाला ठाऊक आहे. जादा कामासाठी किती पैसे शिल्लक आहेत, ते लेखापालाकडे आहे. अध्यक्षाला वीस मिनिटांत निर्णय घ्यायचा आहे आणि एक जण इतिवृत्त लिहितो आहे. अशा मांडणीत गप्प बसणाऱ्यालाही बोलावे लागते, कारण त्याच्याकडील माहितीवाचून निर्णय अडतो.

वीस मिनिटांनंतरची चर्चा याहून महत्त्वाची असते. कोणी कोणाला मध्येच तोडले, मतभेद सभ्यपणे मांडला गेला का, ‘समजले नाही, पुन्हा सांगाल का?’ असे विचारण्याचे धैर्य कोणी दाखवले, हे निरीक्षक सांगतात. मग इतिवृत्त वाचले जाते. कोणते काम, कोणाकडे आणि कधीपर्यंत, या तिन्हींची नोंद त्यात नसेल तर बैठक झाली, पण निर्णय झाला नाही, हे विद्यार्थ्यांच्या आपोआप ध्यानात येते.

टेबलाच्या पलीकडे

मुलाखतीचा सराव करताना विद्यार्थ्याला मुलाखतकाराच्या खुर्चीतही बसवायला हवे. तीन अर्ज वाचून, प्रश्न ठरवून गुण द्यायला लागल्यावर ‘मी मेहनती आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही, हे त्याला उमगते. याउलट ‘प्रकल्पातील सहकारी आजारी पडला, तेव्हा कामाची अशी फेरवाटणी केली’ हे उत्तर त्याच्या लक्षात राहते. सर्वांना तेच प्रश्न आणि तेच निकष लावलेली मुलाखत सैल गप्पांपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते, असा संशोधनाचा निष्कर्ष आहे. तेव्हा गुणांचा तक्ता वर्गातही आधीच ठरलेला असावा.

गटचर्चेचा वंश तर थेट लष्करापर्यंत पोहोचतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडण्यासाठी मंडळे नेमली. नेता न ठरवता गटाला काम द्यायचे आणि कोण कसा वागतो ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. भारतीय सैन्यदलांची निवड मंडळे आजही ती वापरतात. सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा निवडला जातो, हा समज मात्र चुकीचा आहे; इतरांना सोबत घेऊन काम पुढे नेणाऱ्याकडे परीक्षकांचे लक्ष असते.

कोणाला गरज अधिक?

हैदराबादला भाषेचा प्रश्न नवा नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यातून तेथे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही उच्च शिक्षणासाठी घरच्या भाषेपेक्षा वेगळी भाषा अवगत करावी लागे. १९४८ नंतर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. भाषा बदलली, उंबरठा तसाच राहिला. ज्या घरात कोणी आधीच कार्यालयात काम करते, तेथील मुलाला बैठकीची रीत जेवणाच्या ताटावरच कळते. ज्या घरातील पहिलाच पदवीधर नोकरीसाठी निघतो, त्याला ती शिकण्यासाठी वर्गाखेरीज दुसरी जागा नसते.

म्हणूनच हा सराव घोकंपट्टीत अडकला तर नुकसान याच मुलांचे होते. पाठ केलेली उत्तरे दुसऱ्याच उपप्रश्नाला कोसळतात. उच्चार सुधारण्यातच तास संपले तर विचार मांडणे राहून जाते. सरावाने नोकऱ्या वाढत नाहीत, हेही खरे. पण येत असलेले सांगता न आल्यामुळे संधी हुकणे त्याने टळू शकते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९ च्या ‘जीवन कौशल्य’ अभ्यासक्रमातही मुलाखत आणि गटचर्चा यांना स्थान आहे, त्यामुळे गोव्यातील महाविद्यालयांनाही हा मार्ग खुला आहे. साहित्य तर घरचेच आहे. रविवारच्या ग्रामसभेत विषयपत्रिका असते, अध्यक्ष असतो, मतभेद असतात आणि इतिवृत्तही लिहिले जाते. एखाद्या वर्गाने अशा सभेला बसून कोण बोलले, कोणाचे ऐकले गेले आणि शेवटी काय ठरले, एवढे टिपून आणले तरी पहिला पाठ पूर्ण होईल.