पाठीचा कणा आणि तरफ

सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रिया मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास पुढे वाकून बसतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. त्यामुळे मधे उठणे परवडत नाही. अनेकींची पाठ दुखते. असे का व्हावे?

कण्यातील मणक्यांच्या मधे कूर्चेच्या लवचिक चकत्या असतात. पुढे वाकले की धडाचा भार कण्यापासून दूर जातो. तो तोलणारे पाठीचे स्नायू मात्र कण्यालगत असतात. म्हणून त्यांना कितीतरी अधिक जोराने ओढावे लागते. तरफेचाच हा नियम! हा सारा दाब कमरेतील चकत्यांवर पडतो. सुटलेले पोटही असाच भार पुढे टाकते.

म्हणून वजन आटोक्यात ठेवावे, पाठीच्या व पोटाच्या स्नायूंना नियमित व्यायाम द्यावा. अभ्यासाला बसलात तर अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला.