यादी आधी चाळा

दिवाळीच्या ऑफरचे एसएमएस सोडण्याआधी दुकानदाराने ग्राहकांची यादी चाळलेली बरी. मोबाइल क्रमांक दहा अंकी, सुरुवात 6, 7, 8 किंवा 9 ने. पिनकोड सहा अंकी. महाराष्ट्र-गोव्याचा पहिला अंक 4. पत्ता पुण्याचा आणि पिनकोड 110001, म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय!

तपासणीतून तीन फायली निघाव्यात: चोख, संशयास्पद, बाद. खरी डोकेदुखी पुढेच. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली, की 02024 सारख्या शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातलं पहिलं शून्य बहुधा गायब होतं. म्हणून फाइल थेट न उघडता आयात करावी आणि तेव्हाच क्रमांकांचा रकाना ‘टेक्स्ट’ करावा. संशयास्पद नोंदी फोन करून दुरुस्त कराव्यात आणि मूळ फाइल कधीही पुसू नये.