फोटो दहा सेंटला, मेहनत कितीला?

आषाढी एकादशी उलटली की नांदेड-लातूरकडच्या फोटो स्टुडिओंचा धंदा बसतो. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, त्यामुळे लग्नाच्या ऑर्डरी नाहीत. उरतात पासपोर्ट फोटोंची गिऱ्हाइकं, एखादं बारसं, गणपती-नवरात्रातल्या मंडळांचं शूटिंग. कर्ज काढून घेतलेला कॅमेरा बॅगेत पडून असतो आणि हप्ता मात्र थांबत नाही. नेमका याच महिन्यांत मोबाइलवर तो व्हिडिओ समोर येतो: घरबसल्या फोटो विका, डॉलरमध्ये कमवा.

व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नसतो. शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक, आयस्टॉक अशा संकेतस्थळांवर कुणालाही खातं उघडता येतं. फोटो चढवायचे, तपासणीत पास झाले की ते जगभरच्या गिऱ्हाइकांपुढे मांडले जातात आणि एखादा डाउनलोड झाला की त्यातला वाटा खात्यावर जमा होतो. फोटो एकदा विकला म्हणून संपत नाही; तोच शंभर जणांना विकता येतो. इथपर्यंत सगळं खरं आहे. गोची वाट्याच्या आकड्यात आहे.

शटरस्टॉकने १ जून २०२० पासून सहा पायऱ्यांची पद्धत आणली. वर्षातल्या पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत छायाचित्रकाराला विक्रीतले १५ टक्के मिळतात. पायऱ्या चढत गेल्यावर हा वाटा ४० टक्क्यांवर जातो, पण त्यासाठी एका वर्षात २५,००० डाउनलोड ओलांडावे लागतात. आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर. गिऱ्हाइकाने महिन्याचं घाऊक पॅकेज घेतलेलं असेल, तर एका डाउनलोडमागे छायाचित्रकाराच्या हाती अवघे १० सेंटही पडू शकतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साडेआठ रुपये.

अ‍ॅडोबी स्टॉकवर फोटोचा वाटा ३३ टक्के आहे. तिथे २५ डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. एका डाउनलोडचे ३३ सेंट पडले, असं धरलं तर २५ डॉलरसाठी ७६ डाउनलोड लागतात. रुपयांत साधारण २,१००. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला करही कापला जातो. डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म भरला, तर भारत-अमेरिका करारानुसार तो १५ टक्के लागतो, नाही भरला तर ३०.

आता मेहनतीचा हिशेब. फोटो निवडायचा, रंग नीट करायचे, ट्रॅक्टरवरचं कंपनीचं नाव आणि मागच्या दुकानाची पाटी पुसायची, इंग्रजीत मथळा लिहायचा, मग शोधशब्द भरायचे. अ‍ॅडोबीवर असे ४९ शब्द देता येतात आणि त्यातले पहिले दहा सगळ्यात महत्त्वाचे असतात. एका फोटोला दहा मिनिटं धरली, तर तासाला सहा फोटो होतात. त्यातला प्रत्येक फोटो वर्षातून एकदा १० सेंटला गेला, तर त्या तासाची वर्षभराची कमाई ५१ रुपये. शिवाय चढवलेला प्रत्येक फोटो विकला जातोच असं नाही. कोट्यवधी फोटोंच्या ढिगाऱ्यात पुष्कळसे फोटो कुणी उघडूनही पाहत नाही.

भाव एवढे खाली कसे आले, त्याला इतिहास आहे. जगदीश अग्रवाल यांनी मुंबईत १९८७ साली 'दिनोदिया' ही फोटो एजन्सी सुरू केली, तेव्हा धंदा वेगळ्या रीतीने चालायचा. कॅलेंडर छापणारा, प्रकाशक किंवा जाहिरात कंपनी एजन्सीकडे यायची, पारदर्शिका पाहायची आणि फोटो कुठे, किती मोठा, किती प्रती छापायचा यावर भाव ठरायचा. २००० साली कॅनडातल्या कॅलगरी शहरात ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केलं. आधी तिथे डिझायनर मंडळी एकमेकांना फोटो फुकट द्यायची, नंतर किरकोळ दर लागला. २००३ साली न्यूयॉर्कच्या जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेल्या सुमारे ३०,००० फोटोंवर शटरस्टॉक उभं केलं आणि महिन्याच्या वर्गणीत हवे तेवढे फोटो देण्याची चाल पाडली.

त्याचा तडाखा कुणाला बसला, हे २००६ साली 'वायर्ड' मासिकात जेफ हाउ यांनी दाखवून दिलं. मार्क हार्मेल हे व्यावसायिक छायाचित्रकार एका आरोग्य संग्रहालयाला एका फोटोचे शंभर ते दीडशे डॉलर सांगत होते, आणि तोही सवलतीचा दर होता. संग्रहालयाला आयस्टॉकवर तसेच फोटो डॉलरभरात मिळाले. त्याच वर्षी गेटी इमेजेस या बड्या कंपनीने आयस्टॉक ५ कोटी डॉलरना विकत घेतलं. २००९ मध्ये 'टाइम'ने काटकसरीवरच्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी नाण्यांच्या बरणीचा फोटो आयस्टॉकवरून घेतला, तेव्हा छायाचित्रकार रॉबर्ट लॅम यांना त्याचे मिळाले सुमारे ३० डॉलर. पुढे अनस्प्लॅश, पेक्सल्स, पिक्साबे आले. तिथे तर फोटो फुकटच मिळतात.

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. माल त्याचा, भाव दुसऱ्याचा, आणि आवक वाढली की भाव पडणार. फरक एवढाच की फोटोंची आवक कधी थांबत नाही. गेल्या वीस वर्षांत चढवलेला माल तिथेच पडून असतो आणि रोज नवा येऊन पडतो.

मग यात कमावतं कोण? डेन्मार्कचे युरी आर्कर्स यांचं नाव या क्षेत्रात वर्षानुवर्षं सर्वाधिक खपाचे छायाचित्रकार म्हणून घेतलं गेलं. पण त्यांच्या फोटोमागे स्टुडिओ होता, मॉडेल होते, पगारी माणसं होती आणि कोणत्या विषयाला मागणी आहे याचा अभ्यास होता. फिरायला गेल्यावर सहज टिपलेला सूर्यास्त विकून ते मोठे झाले नाहीत. भारतात २००६ साली दिल्लीत संदीप माहेश्वरी यांनी सुरू केलेल्या 'इमेजेसबाजार'नेही एकच नेमकी गरज हेरली. जाहिरातींना भारतीय चेहरे हवे होते आणि परदेशी संग्रहात ते पुरेसे नव्हते.

नांदेड-लातूरच्या छायाचित्रकाराने शोधायचं ते हेच, जे दुसरीकडे सहज मिळत नाही आणि ज्याला गिऱ्हाईक आहे. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या पाहिजेत. भेगाळलेल्या जमिनीचा फोटो आफ्रिकेतूनही येतो आणि राजस्थानातूनही. लातूरच्या भेगांना वेगळा भाव नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूर स्थानकात आली, तो प्रसंग दुसरीकडे कुठेच मिळणार नव्हता. पाणी, हवामान, शेती यांवरच्या पुस्तकांना आणि लेखांना असा फोटो पुढेही लागत राहतो.

असा माल या दोन जिल्ह्यांत कमी नाही. लातूरकडचा देवणी आणि कंधारकडचा लाल कंधारी हे मान्यताप्राप्त गोवंश आहेत. अंगाची ठेवण, रंग, शिंगं स्पष्ट दिसतील असा, जातीचं नाव बिनचूक लिहिलेला फोटो पशुवैद्यकीय पुस्तकांना आणि खाद्य-औषध कंपन्यांना उपयोगी पडतो. त्यासाठी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत एक दिवस घालवला तरी पुष्कळ काम होतं. सोयाबीनच्या पानावरचा रोग, शेंगा भरण्याची अवस्था, मळणी, हळद शिजवून वाळवणं, डाळ मिलमधली तूर हे विषय इथल्या माणसाला पायाखालचे आहेत. सोयाबीनची पेरणी ते काढणी जून ते ऑक्टोबरात होते, म्हणजे लग्नसराई थंड असते तेव्हाच. होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं, खरोशाची लेणी, सहस्रकुंडचा धबधबा यांचेही फोटो चालतात, पण त्यांचं गिऱ्हाईक प्रवास आणि इतिहास एवढ्यापुरतंच.

येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा सण घ्या. वेळा अमावास्येला अख्खं लातूर शेतात असतं. कोपीत पूजा, आंबिलाचं बिंदगं, भज्जी, उंडे, झाडाखाली बसलेली पंगत. फोटो काढणाऱ्याला ही पर्वणीच. पण न्यूयॉर्क किंवा बंगळुरूतला डिझायनर 'येळवस' हा शब्द टाइप करणार नाही. तो शोधणार 'भारतीय शेतकरी कुटुंब', 'शेतातलं जेवण', 'हिवाळी पीक'. सणाचं नाव द्यायचंच, पण विक्री या साध्या शब्दांवर होते. इंग्रजी कच्चं असलेल्या चांगल्या छायाचित्रकाराचा माल इथेच मागे राहतो.

पंगतीतल्या माणसांचं काय, हा पुढचा प्रश्न आणि तो कायद्याचा आहे. चेहरा ओळखू येत असेल, तर जाहिरातीसाठीच्या विक्रीला त्या व्यक्तीचं सही केलेलं संमतिपत्र लागतं. मूल असेल तर पालकाची सही. संमतिपत्र नसेल तर शटरस्टॉकसारख्या ठिकाणी फोटो 'एडिटोरियल' म्हणून ठेवता येतो, म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांपुरता. नांदेडच्या हल्लाबोल मिरवणुकीतली गर्दी अशीच विकता येईल.

ही नुसती कागदपत्रांची कटकट समजू नये. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका महिलेची याचिका आली. गावाकडच्या ओळखीच्या छायाचित्रकाराने आपला फोटो काढला, न विचारता शटरस्टॉकवर चढवला आणि पुढे तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या सरकारी जाहिरातींत, एका राजकीय पक्षाच्या आणि खासगी संस्थांच्या प्रचारात झळकला, असं तिचं म्हणणं होतं. न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने हा प्रथमदर्शनी फोटोचा व्यापारी गैरवापर असल्याचं नमूद करून केंद्राला, संबंधित राज्यांना आणि शटरस्टॉकलाही नोटिसा काढल्या. ज्या डाउनलोडचे छायाचित्रकाराला काही रुपये मिळतात, त्यातून असं प्रकरण उभं राहू शकतं.

दुसरा खड्डा स्टुडिओच्या हार्डडिस्कमध्ये आहे. दहा वर्षांच्या लग्नांचे हजारो फोटो पडून आहेत, तेच चढवू, असं अनेकांच्या मनात येतं. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. हळदीला बसलेल्या नवरीचा फोटो कितीही सुंदर असला, तरी तो विकायचा हक्क स्टुडिओचा नाही. स्वतःहून, स्वतःसाठी काढलेला फोटो मात्र पूर्णपणे छायाचित्रकाराचा.

आणि आता यंत्रही फोटो काढायला लागलं आहे. अ‍ॅडोबीने डिसेंबर २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं विक्रीला घ्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये आलेलं तिचं फायरफ्लाय हे साधन अ‍ॅडोबी स्टॉकवरच्या फोटोंवरही शिकवलेलं आहे. त्याबद्दल छायाचित्रकारांना बोनसही दिला गेला. 'शेतात उभा हसरा शेतकरी' असा सर्वसाधारण फोटो आता कॅमेऱ्याशिवाय, मिनिटभरात तयार होतो. त्यामुळे सर्वसाधारण मालाचा बाजार आणखी बसेल. खरी जागा, खरा प्रसंग, खरी जात, खरा रोग दाखवणाऱ्या फोटोची गरज मात्र यंत्राला भागवता येत नाही.

एवढं सगळं जमेला धरल्यावर उत्तर माणसागणिक बदलतं. या कमाईवर स्टुडिओचं भाडं किंवा कॅमेऱ्याचा हप्ता भागवायचा बेत असेल, तर तो सोडून द्यावा. शेतीचा जाणकार असलेला हौशी छायाचित्रकार, कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी किंवा पशुवैद्य, ज्याचं विषयाचं ज्ञान पक्कं आहे आणि जो तसाही शेतात असतो, त्याला दोन-तीनशे नेमके फोटो चढवून दोन वर्षं वाट पाहायला हरकत नाही. तेवढ्यात महिन्याचा मोबाइल रिचार्ज निघतो की काही अधिक, हे कळेल. त्यासाठी नवा कॅमेरा किंवा कुणाचा 'कोर्स' विकत घेऊ नये. खातं उघडायला एक पैसाही लागत नाही.

स्टुडिओवाल्याचं खरं गिऱ्हाईक त्याच्याच गावात आहे. लातूरच्या शिकवणी वर्गांना, डाळ आणि तेल मिलांना, बियाणं कंपन्यांच्या विक्रेत्यांना, नांदेडच्या रुग्णालयांना आणि लॉजना माहितीपत्रकासाठी, संकेतस्थळासाठी फोटो लागतात. आज त्यातले बरेच जण गुगलवरून उचलतात आणि फ्लेक्सवर टाकतात. त्यांच्यासाठी केलेल्या एका दिवसाच्या कामाचे पैसे स्टॉकवरच्या शेकडो डाउनलोडना भारी पडतात. अशा कामाच्या बिलावर दोन ओळी जरूर लिहून घ्याव्यात: फोटोंची मालकी छायाचित्रकाराची, आणि गिऱ्हाइकाला ते अमुक कामासाठी, अमुक वर्षं वापरता येतील. या ओळी नसतील तर कलम १७ नुसार सगळे फोटो मिलमालकाचे होतात. त्या असतील, मालकाची हरकत नसेल आणि कामगारांची संमतिपत्रं घेतलेली असतील, तर तुरीच्या डाळीचा तोच फोटो पुढच्या पावसाळ्यात शटरस्टॉकवरही चढवता येतो.