घूर्णवाती वादळाची पूर्वसूचना

घूर्णवाती वादळाची (टॉर्नेडोची) पूर्वसूचना : गर्जन्मेघापासून भूपृष्ठापर्यंत पोहोचणाऱ्या, अतिवेगाने फिरणाऱ्या वायुस्तंभाविषयी लोकांना वेळीच सावध करण्याची व्यवस्था. ती प्रथम अ. सं. सं.मध्ये विकसित झाली. तेथे १८ मार्च १९२५ रोजी मिसूरी, इलिनॉय व इंडियाना राज्यांतून गेलेल्या वादळात ६९५ लोक मृत्युमुखी पडले. घबराट पसरेल या भीतीने त्या काळी हवामान खात्याच्या अंदाजांत ‘टॉर्नेडो’ हा शब्दही वापरीत नसत. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर अर्नेस्ट फॉबुश व रॉबर्ट मिलर या अधिकाऱ्यांनी वर्तविलेले वादळ त्याच संध्याकाळी आले आणि असे पूर्वानुमान शक्य असल्याचे दिसून आले.

सूचना दोन प्रकारच्या असतात. वातावरण अनुकूल होताच विस्तृत क्षेत्रासाठी काही तासांची ‘दक्षता’ जाहीर करतात. रडारवर मेघातील परिभ्रमण आढळल्यास किंवा प्रशिक्षित निरीक्षकास वादळ दिसल्यास मर्यादित क्षेत्राला ‘इशारा’ देतात. डॉप्लर रडार पर्जन्यबिंदूंची रडारकडे येण्याची वा दूर जाण्याची गती मोजत असल्याने हे परिभ्रमण आधीच ओळखता येते. तथापि इशाऱ्यानंतर बहुधा १०–१५ मिनिटांचाच अवधी मिळतो. त्यामुळे तळघर किंवा तळमजल्यावरील खिडक्या नसलेली आतली खोली आधीच निश्चित करून तेथे जाण्याचा सराव शाळांतून व घरांतून करावा लागतो.

मिसूरीतील जॉप्लिन येथे २२ मे २०११ रोजी इशारा वेळेवर मिळूनही दीडशेहून अधिक लोक मरण पावले. भोंग्यांची सवय झालेले अनेकजण दुसऱ्या खुणेची वाट पाहत थांबले होते. इशाऱ्याची उपयुक्तता अशा रीतीने यंत्राइतकीच लोकांच्या विश्वासावरही अवलंबून असते.