विनिफ्रेड : एका नावाचा अर्थ

स्नानसंस्काराचा विधी नावापासून सुरू होतो. देवळाच्या दाराशी धर्मगुरू आईवडिलांना प्रथम बाळाचे नाव विचारतात. पाणी, तेल, मेणबत्ती हे सारे त्यानंतर.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुधनिर्माणीची वसाहत. अशा वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे नोकरीनिमित्त शेजारी नांदतात आणि त्यांच्याबरोबर दूरदूरची नावेही येतात. विनिफ्रेड हे असेच एक नाव. मुंबई, गोवा, मंगळूर येथील कॅथलिक घराण्यांत ते आजीपणजीचे नाव. घरात हाक मारायची ती 'विनी'. आता ते जुनाट वाटते व नातीला देण्याचे टाळले जाते. टाकून देण्यापूर्वी त्याचा अर्थ तरी जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

हे नाव मूळचे इंग्रजी नव्हे, तर वेल्स देशाचे. तेथील भाषेत त्याचे रूप 'ग्वेनव्रेवी'. 'ग्वेन' म्हणजे पांढरी, सुंदर. आणि त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ धन्य, पवित्र. आपल्या 'शुभ' आणि 'शुभ्र' या शब्दांचेही मूळ एकच आहे. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाला पांढरे वस्त्र देतात, त्यामागील भाव या एका नावात सामावला आहे.

संत विनिफ्रेड सातव्या शतकातील. आख्यायिका सांगते की, देवाला आयुष्य वाहू इच्छिणाऱ्या या कन्येने कॅरॅडॉग नावाच्या सरदारपुत्राला नकार दिला, तेव्हा त्याने तिचा शिरच्छेद केला. शिर पडले तेथे झरा उसळला. तिचे मामा संत बेउनो यांच्या प्रार्थनेने ती पुन्हा जिवंत झाली व पुढे मठाधिकारिणी झाली. झऱ्याकाठच्या गावाचे इंग्रजी नाव होलीवेल, म्हणजे पवित्र विहीर. सोळाव्या शतकात त्या देशात कॅथलिक उपासनेवर बंदी आली, तरी तेथील यात्रा खंडित झाली नाही. संत विनिफ्रेडचा सण ३ नोव्हेंबरला असतो.

मुलीला संताचेच नाव द्यावे, असा आज नियम नाही. ख्रिस्ती भावनेस विसंगत नाव नसावे, एवढेच १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील ८५५ वे कलम सांगते. म्हणून नातीचे नाव 'शुभ्रा' ठेवले तरी वावगे नाही; अर्थाने ते आजीच्याच नावाजवळचे आहे. मात्र आजीला हाक कोणत्या नावाने मारीत, आणि त्याचा अर्थ काय होता, हे त्या नातीला कोणीतरी सांगावयास हवे.