शाई खरोखर केव्हा सुकते?

घरात कोणी गेले की दशक्रियेपर्यंत तसबीर तयार हवी असते. मोबाइलमधला फोटो इंकजेट प्रिंटरवर छापून तासाभरात काचेत बसवला जातो. काही दिवसांनी काचेला आतून धुरकट थर येतो. चेहऱ्याचा रंगही छापताना दिसला होता तसा राहत नाही. दोन्हींचे मूळ एकच: शाई पुरती सुकलेली नसते.

राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे. एक रंग वाळू द्यायचा, मग दुसरा चढवायचा. ती शाई तेलाची; हवेतल्या प्राणवायूने घट्ट होणारी. इंकजेटची शाई बहुतांशी पाण्याची असते आणि नोझल कोरडे पडू नये म्हणून तिच्यात ग्लायकॉलसारखे द्रव मिसळलेले असतात.

त्यामुळे तिचे सुकणे दोन टप्प्यांत होते. थेंब कागदात लगेच शोषला जातो, बोटाला डाग लागत नाही. ग्लायकॉल मात्र सावकाश, कधी दिवसभर उडत राहते. चकचकीत फोटो कागदाला दोन्ही अंगांनी प्लास्टिकचा थर असतो, म्हणून त्याला वाट फक्त वरून. तिथे काच आली की वाफ काचेवर जमते. द्रव उडताना छटाही बदलते. मालेगावचा रंगारी ओल्या सुतावरून रंग पारखत नाही, तो याच अनुभवामुळे.

कॅलिब्रेशनमध्ये हे भान अधिक लागते. शेकडो रंगचौकटींचा तक्ता छापून स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजतात आणि त्यावरून प्रिंटरचे प्रोफाइल बनवतात. तक्ता ओलसर असताना मोजला, तर तात्पुरते रंग कायमचे समजून दुरुस्ती होते आणि पुढची प्रत्येक प्रत चुकते.

किती थांबावे, हे कागद, शाई आणि हवा ठरवते. पण मोजता येते. एकच तक्ता ५ मिनिटांनी, १ तासाने आणि २४ तासांनी मोजावा. रंगांतला फरक डेल्टा ई या मापात सांगतात. १ च्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. तासाचे आणि दिवसाचे माप जवळजवळ सारखे आले, तर तास पुरतो. नाहीतर पूर्ण दिवस द्यावा. ही चाचणी कोरड्या एप्रिलात एकदा आणि दमट श्रावणात पुन्हा करावी. काच लावण्याआधी प्रतीवर साधा कोरा कागद रात्रभर ठेवावा. उरलेला द्रव तो शोषून घेतो.